मोरीच्या वळणावरचे झेनॉन दिवे

"नवऱ्यानं गुन्हा कबूल केलाय, बाई. पर त्यांनी केलेला न्हाई."

बसव्वा हत्तुरे खुर्चीच्या टोकावर बसून एवढं बोलली आणि तिनं पदर सावरला. साठीकडे झुकलेली बाई. कपाळावर भस्माचे पट्टे, खाली ठसठशीत कुंकू, उजव्या तळव्याला फडक्याची पट्टी. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. कोंडीबा सरगरला तेच खटकलं. वाहतूक शाखेत हवालदारकी करण्यात त्याची हयात गेली होती. रडणाऱ्या बायकांना पाणी द्यायचं एवढं त्याला ठाऊक होतं. न रडणाऱ्या बाईपुढे काय करावं हे खात्यानं कधी शिकवलं नव्हतं. त्यानं तरी पाणी दिलंच.

जुळे सोलापुरातल्या त्या दोन खोल्यांत रेश्मा खडतरे खाजगी तपासाचं काम करी. आधी ती विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायची. गाडी खोटं बोलत नाही, मालक बोलतो, हे तिचं तेव्हापासूनचं मत. कोंडीबा निवृत्तीनंतर तिच्याकडे आला तो घरी बसून जीव आंबतो म्हणून. सारं शहर हवालदारांना मामा म्हणतं, तशी तीही म्हणे.

"पहिल्यापासून सांगा," रेश्मा म्हणाली.

बसव्वानं सांगितलं. वळसंगच्या अलीकडे आडरस्त्याला ओढ्यावर एक मोरी आहे, तिथं वळण. गेल्या वर्षी तिची एकुलती एक लेक सिद्धेश्वरी दिवेलागणीला स्कूटीवरून घरी येत होती. लग्न ठरलेलं, रुखवत घरात येऊन पडलेलं. समोरून ऋतुराज नलवडेची मोठी गाडी आली. खडी क्रशरवाल्याचा पोरगा. गाडीला बाहेरून बसवून घेतलेले झेनॉन दिवे. पोरीला पुढचं दिसलंच नाही, ती ओढ्यात गेली.

"दवाखान्यात एवढंच बोलली. आई, समदं पांढरं झालं. मग गेली. त्यो जामिनावर सुटला. पोरीला गाडी येत नव्हती म्हणाला."

"आणि आता?"

"आता त्याच वळणावर त्याची गाडी वड्यात गेली. पाय कापला त्याचा. समोरनं कुणीतरी डोळ्यांवर उजेड मारला म्हणतोय." बसव्वा थांबली. "आमच्या मालकांनी टेम्पोला तसलेच दिवे बसवून घेतले होते. चावडीपुढं वरडून सांगितलं होतं, पोरीच्या डोळ्यांत घातला त्यो उजेड त्याच्या डोळ्यांत घालीन म्हणून. पोलिसांनी उचललं. तर ह्यांनी सरळ सांगितलं, मीच केलं."

"तुम्ही पोलिसांना काय सांगितलंत?"

"खरं सांगितलं. समदं. सायेब हसले. म्हणाले, आजी, घरी जावा."

"मग केलं कुणी?" कोंडीबानं मध्येच तोंड घातलं.

"ते तुमी हुडका," बसव्वा म्हणाली. "माझ्या तोंडचं कुणी मानत न्हाई. दुसऱ्यानं हुडकलेलं मानत्यात."

पट्टीकडे बघत रेश्मानं विचारलं, "हाताला काय झालं?"

"कापलं," बसव्वा म्हणाली आणि उठली.

*

मोरी दिसायला अगदीच किरकोळ होती. क्रशरकडून येणारा रस्ता सरळ येऊन तिच्यापाशी उजवीकडे वळत होता. नाकासमोर कमरेएवढा दगडी कठडा, डावीकडे खोल ओढा. गाडी बाहेर काढून नेली होती, पण तिनं मोडलेल्या बाभळी तशाच पडल्या होत्या.

"टेम्पो तिकडं पलीकडं हुबा असणार," कोंडीबानं हात केला. "दिवे बंद करून. ह्यो आला की बटण दाबलं. खेळ खलास."

"चाकांच्या खुणा?"

"पोलिसांना घावल्या न्हाईत. पर कोरडी जिमीन हाय, बाई."

रेश्मा कठड्याच्या पलीकडे उतरली आणि गवतात वाकली. तिच्या हाती आरशाचा एक तुकडा लागला, तळहाताएवढा. त्याच्या एका कडेला मरून रंगाची टिकली चिकटलेली, मध्ये चांदीचा ठिपका.

"गाडीचा आरसा फुटलाय," कोंडीबा म्हणाला.

"सपाट आहे, मामा. गाडीच्या बाजूच्या आरशाला पोट असतं."

"मग ट्रकवाल्याचा दाढीचा आसंल. टिकल्या काय, ट्रकवाले काय वाट्टंल ते चिकटवत्यात." कोंडीबाला स्वतःचं उत्तर पटलं. त्याला बहुधा स्वतःची उत्तरं पटत.

शेजारच्या रानात मेंढरं बसवलेली होती. मेंढपाळ धुळा घोंगडं पांघरून बांधावर बसला होता. त्या संध्याकाळीही तो तिथंच होता.

"पोलिसांनी इचारलं, मी सांगितलं. त्यांना पटलं न्हाई," धुळा कुरकुरला. "मी पिलो हुतो म्हणं. आवो, माळकरी माणूस मी!"

"आम्हाला पटेल. सांगा," रेश्मा म्हणाली.

"गाडी एकच आली. आवाज एकाच गाडीचा. पलीकडनं कोण आलं न्हाई, कोण गेलं बी न्हाई. त्येची गाडी मोरीजवळ आली न् एकदम लख्ख! माज्या मेंढरांच्या तोंडावर उजेड. आदी काय न्हाई, न् मग एकदम."

"हळूहळू वाढला का?"

"न्हाई वो. एकदम, डोळं दिपलं. मग गाडी धाडकन वड्यात. मी पळालो तर मोरीवर कोण न्हाई."

"त्याआधी रस्त्यानं कोणी गेलं होतं?"

धुळानं डोकं खाजवलं. "गावचीच मानसं. दूधवाला गेला. बसव्वाकाकू वैरणीचा भारा घिऊन मळ्याकडं गेली. शाळामास्तर गेलं. बाकी कोण?"

*

शिवराजचं गाड्यांच्या सजावटीचं दुकान होतं. सीट कव्हरं, हॉर्न, दिवे. रेश्मानं नाव सांगताच त्याच्या कपाळाला घाम आला, कारण कंपनीच्या साध्या दिव्यांत झेनॉन किट कोंबणं कायद्यात बसत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मॅडम, गिऱ्हाईक मागतं. मी नाही दिलं तर शेजारचा देतो."

"ऋतुराजला तूच दिलंस?"

"हो. आणि ते हत्तुरे काकांनाही. त्यांना मी नको म्हणालो होतो. त्यांच्या पोरीचं मला माहीत होतं हो! पण ते हट्टाला पेटले. नवी जोडी, दोन्ही पांढरे शुभ्र."

"ऋतुराजचेही पांढरे?"

"होते. मध्यंतरी डावा बल्ब गेला. मी म्हणालो, जोडीनं बदला, रंग जुळत नाही. तो म्हणाला, असेल तो लाव, घाई आहे. मग निळसर होता तो लावला. लांबून ओळखू येते त्याची गाडी. एक डोळा पांढरा, एक निळा."

"अपघातानंतरसुद्धा त्यानं ते दिवे काढले नाहीत?"

"छे! उलट दुरुस्त करून घेतले."

कोंडीबाच्या तोंडून एक अस्सल सांगोल्याकडची शिवी निसटली. रेश्मानं ती न ऐकल्यासारखं केलं. "एक किट लावून दाखव," ती म्हणाली.

शिवराजनं दुकानातला नमुन्याचा दिवा बॅटरीला जोडला. दिवा आधी जांभळट चमकला, मंदावला, मग निळसर होत होत चढत गेला. कोंडीबानं तंबाखू मळून तोंडात टाकली, तेव्हा कुठं तो पुरता पांढरा झाला.

"एवढा वेळ?"

"झेनॉन म्हणजे वायू, काका. तापायला लागतो. एकदा तापला की मग बघायला नको."

*

ऋतुराज दवाखान्यात खाटेवर पडला होता. एक पाय गुडघ्याखाली नव्हता. रेश्मानं बाहेरून आलेली तपासनीस एवढीच ओळख दिली.

"म्हाताऱ्यानं मला मारायचा प्लॅन केला," तो दात खाऊन म्हणाला. "सोडणार नाही त्याला मी. सरळ माझ्या अंगावर आला तो."

"टेम्पो दिसला तुम्हाला?"

"दिवे दिसले! त्या उजेडात दुसरं काय दिसणार? माणूस आंधळा होतो."

"होतो का?" कोंडीबानं विचारलं. ऋतुराजला त्यातलं काही कळलं नाही.

"मी डिपर मारला. तर त्यानंही मारला. मी परत मारला, त्यानं परत मारला, लगेच. चिडवत होता मला! मी डावीकडे घेतली, तर तोसुद्धा तिकडेच वळला. माझ्या बाजूला. मुद्दाम!"

"दिव्यांचा रंग?"

"एक पांढरा, एक निळसर."

"निळसर कुठला? तुमच्या कोणत्या हाताला?"

"डाव्या. ओढ्याच्या बाजूला."

"तुमचा निळा दिवा कुठल्या बाजूचा?"

"डाव्याच. का?"

"सहज," रेश्मा म्हणाली.

बाहेर आल्यावर कोंडीबा तापलेलाच होता. "बाई, खरं सांगू? बसव्वाच्या नवऱ्यानं, त्या चनबसप्पानं केलं आसंल तर मी त्याच्या पाया पडंन. पाय गेला तरी माज गेला न्हाई बेट्याचा."

"पण केलं नसेल तर, मामा? तो कशासाठी सडणार आत?"

कोठडीत चनबसप्पा गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. बायकोचं नाव निघताच त्यानं मान खाली घातली.

"मी केलं म्हणून सांगितलं न्हवं? आता काय पायजे?"

"कसं केलंत ते सांगा."

"मोरीपल्याड टेम्पो हुबा केला. दिवे बंद. त्यो जवळ आला, बटण दाबलं. एकदम लख्ख पडलं त्याच्या डोळ्यांवर."

"एकदम?"

"एकदम."

"त्या दिव्यांनी तुम्ही किती वेळा टेम्पो चालवलात, काका?"

म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

शेवटी दोघं हत्तुऱ्यांच्या घरी गेली. बसव्वानं चहा ठेवला. आतल्या खोलीत सिद्धेश्वरीचं रुखवत चादरींखाली तसंच होतं. कपाट, शिलाई मशीन, नाव घातलेली भांडी. एका बाजूला ड्रेसिंग टेबल, त्याच्या दोन दांड्या मोकळ्याच उभ्या. भिंतीवर पोरीचा हसरा फोटो, कपाळावर मरून टिकली, मध्ये चांदीचा ठिपका.

"मोठा आरसा होता का हो?" रेश्मानं विचारलं.

"लई मोठा. आणल्या दिसापासनं त्याच्याफुडंच हुबी असायची ती."

कोंडीबाला भरून आलं. मेलेल्या लेकीचा आरसा कुठली आई समोर ठेवेल? काढून टाकला असणार. तो नाक पुसत बाहेर आला.

*

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला रेश्मानं सगळ्यांना मोरीवर बोलावलं. पोलीस ठाण्याचे साहेब कपाळाला आठ्या घालून आले, जीपमध्ये चनबसप्पाला घेऊन. बसव्वा बांधावर उभी होती. शिवराजनं झेनॉन बसवलेली आपली गाडी आणली होती, तीही पोलिसांपुढे, म्हणजे त्याचा जीव मुठीतच होता.

"मामा, क्रशरच्या बाजूनं गाडी घेऊन या. सावकाश. मोरी जवळ आली की डिपर द्या."

"फुडं काय हाय?"

"काही नाही."

कोंडीबा निघाला. लांबून वळून आला. रस्ता मोकळा होता, अंधार पडत होता, मोरीचा कठडा दिव्यांत दिसायला लागला होता. त्यानं डिपर दिला.

आणि समोरून गाडी आली.

दोन पांढरे डोळे, थेट त्याच्या डोळ्यांत. त्यानं पुन्हा डिपर मारला, तर समोरच्यानंही मारला. कठडा, रस्ता, बाभळी सगळं नाहीसं झालं. स्टिअरिंग डावीकडे ओढलं तसे ते डोळेही त्याच बाजूला सरकले. त्यानं जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबला आणि आईला हाक मारली. आई जाऊन जमाना झाला होता, पण हाक तीच आली.

उतरून तो धावत पुढे गेला. गाडी नव्हती. कठड्यावर एक नवा लांबलचक आरसा आडवा उभा होता, आणि त्यामागे धुळाचं घोंगडं हातात घेऊन रेश्मा.

"घोंगडं काढलं, एवढंच केलं मी," ती म्हणाली. "आता ऐका.

"समोर दुसरी गाडी नव्हतीच. धुळानं सांगितलं, आवाज एकाच गाडीचा. त्याला कुणी धरलं नाही. चाकांच्या खुणा नाहीत, कारण चाकंच नव्हती. ऋतुराज डिपर मारी तेव्हा समोरचा त्याच क्षणी मारी. तो डावीकडे वळला, तर समोरचा त्याच्याच बाजूला वळला. खरा गाडीवाला आपल्या डावीकडे वळतो, म्हणजे समोरच्याच्या उजवीकडे. आणि निळा दिवा. समोरच्या गाडीचा डावा दिवा आपल्या उजव्या हाताला येतो. ऋतुराजला तो डाव्या हाताला दिसला. डावं डावीकडेच ठेवतो तो फक्त आरसा."

साहेबांनी कठड्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"चनबसप्पांचा टेम्पो यात नाही. त्याचे दोन्ही दिवे पांढरे. आणि झेनॉन बटण दाबताच लख्ख होत नाही. चढायला वेळ घेतो. उजेड तर एकदम पडला. आधीच तापलेल्या दिव्यासमोरच्या आरशावरचं पांघरूण निघालं की तसा पडतो. काकांनी 'एकदम लख्ख' म्हणून सांगितलं, कारण त्यांनी ते दिवे विकत घेतले, पण त्यांच्यानं कधी लावलेच गेले नाहीत."

जीपमध्ये चनबसप्पानं तोंडावर हात घेतले.

"मग आरसा कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

रेश्मानं टिकली चिकटलेला आरशाचा तुकडा पुढे केला. "मुली कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवतात. ही टिकली सिद्धेश्वरीची आहे. फोटोत बघा. आरसा तिच्या रुखवतातला, ड्रेसिंग टेबलाचा. इथपर्यंत तो आला वैरणीच्या भाऱ्यातून. सगळ्या गावानं भारा पाहिला आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही की संध्याकाळी वैरण मळ्यातून घरी येते. घरून मळ्याकडे जात नाही."

कोंडीबा मेंढरांत वाढलेला माणूस. त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"मोरीवर आरसा झाकून ठेवायचा. लांबून एक पांढरा, एक निळा डोळा दिसला की समजायचं, हाच. दुसऱ्या कुणाला इजा नको. मग पांघरूण काढायचं. आवरायच्या घाईत आरसा हातातून सुटला, फुटला, तळवा कापला. कठड्यामागे दडून तुकडे पदरात गोळा केले, एक राहिला." रेश्माचा आवाज उतरला. "बसव्वा, तुमचा नवरा निर्दोष आहे हे एकाच मार्गानं सिद्ध होत होतं."

"म्हणून तर आले तुमच्याकडं," बसव्वा म्हणाली. ती साहेबांपुढे येऊन उभी राहिली. "तुमाला हेच सांगितलं हुतं की मी. आरसा लावला म्हणलं. तुमी हसला. गाडी चालवता येते का आजी, म्हणून इचारलं."

साहेब बुटांकडे बघत होते.

"मारायचं होतं त्याला?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"व्हय. मरावा म्हणूनच केलं." आवाजात कंप नव्हता. "वरीसभर वाट बघितली. दिवे काढंल, म्हणलं. पोरगी मेली, आता तरी काढंल. साध्या दिव्यांना आरसा दावून काय झालं असतं? काय बी न्हाई. त्यानं दिवे काढले असते तर वाचला असता. त्यानं बल्ब बदलून घेतला."

"अग, मी केलं असतं की!" चनबसप्पा जीपमधून ओरडला.

"तुमी दिवे बसवले. चावडीत वरडला. रोज हितं येऊन माघारी गेला," बसव्वा त्याच्याकडे वळली. "मी केलं. माझं केलेलं माझ्या नावावर ऱ्हाऊ द्या. त्याला बी कळू द्या कुणी केलं ते. बाई, तुमी सांगाल न्हवं त्याला?"

रेश्मानं मान डोलावली.

*

ऋतुराजनं सगळं ऐकून घेतलं.

"खोटं," तो म्हणाला. "गाडी होती समोर. मी बघितली."

"तुमचीच," रेश्मा म्हणाली.

"म्हातारी वेडी आहे. म्हाताऱ्याला सोडवायला नाटक करतेय. गाडी होती!" तो ओरडत राहिला. परिचारिका आली, तरी ओरडत राहिला.

चनबसप्पा सुटून घरी गेला. बसव्वाला तुरुंगात भेटायला दोघं गेली तेव्हा तिच्या तळव्याची पट्टी निघाली होती. जाळीपलीकडून तिनं पहिला प्रश्न तोच विचारला.

"सांगितलं?"

"सांगितलं," रेश्मा म्हणाली.

"मग?"

रेश्मानं कोंडीबाकडे पाहिलं. कोंडीबाला वाटलं, द्यावं ठोकून, रडला म्हणून, हात जोडले म्हणून. म्हातारीच्या जिवाला तेवढंच बरं वाटेल. पण बसव्वा त्याच्याकडे रोखून बघत होती, आणि त्या डोळ्यांपुढे त्याची जीभ रेटेना.

"मानंना त्यो," तो म्हणाला. "गाडी हुतीच म्हणतोय."

बसव्वानं सावकाश मान हलवली. तिला कसलीच घाई नव्हती.

"मानंल की," ती म्हणाली. "रोज दिवेलागण झाली की त्याला समोरचे दिवे दिसतील. मग हळूहळू कळंल कुणाचे ते." तिनं जाळीवर हात ठेवला. "मरावा म्हणत हुते मी, मामा. आता न्हाई. आता लई वर्सं जगू द्या त्याला."